सात ग्रॅम

खिडकी लावून घे, बोंगन्ये म्हणते,
खाडीवरचा वारा काट्यावर येऊन बसतो.
मी खिडकी लावतो. पंखा बंद. नाकातोंडावर फडकं.
रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणतो,
आणि मग फेल्डस्पार,
आधी डावभर, मग चिमूटभर, मग
चमच्याच्या दांडीवर बोट आपटून
नुसती धूळ.

दोन हजार एकशे. खूण.
चुनखडी. खूण.
पाइनची राख, तीनदा धुतलेली. खूण.
पेन्सिल कानावर खोचायची नाही, हातातच ठेवायची,
कारण एकदा मी केओलिन दोनदा घातलं होतं
फोनवर बहिणीशी बोलता बोलता,
आणि अख्खी बादली
मागच्या खड्ड्यात ओतावी लागली होती.
बोंगन्ये काही बोलली नव्हती. तेच जास्त लागलं.

शेवटी लोखंडाचा गंज, तांबडा, मऊ,
पाच किलोला पन्नास ग्रॅम.
एवढ्याशावर सगळं.
कमी पडला तर भांडं आजाऱ्यासारखं पांढुरकं,
जास्त झाला तर शेवाळ.

हा काटा नवा, ग्वांगजूहून आलेला.
सोक्चुनने आणला, तिच्या मुलाने,
बाप गेल्यावर पहिल्याच महिन्यात.
दशांशापुढचे दोन आकडे दाखवतो.
जुनी तागडी फळीवर गेली,
पितळी वजनं तिच्याच पारड्यात, एकावर एक.

पहिली भट्टी उघडली.
बोंगन्येने एक वाडगा उचलला, दाराशी नेला,
उजेडात फिरवला, परत ठेवला.
चांगला आहे, म्हणाली. आपला नाही.

मग आम्ही सगळ्यांवर संशय घेतला.
फेल्डस्पारच्या नव्या पोत्यावर,
दमट राखेवर, ओल्या लाकडांवर,
रात्री जाळ सांभाळणाऱ्या मान्सिकच्या डुलकीवर.
दुसरी भट्टी. तिसरी.
हिरवा तसाच, जरा जड,
पोटभर जेवून आडवा झालेला.
काटा खरा. चिठ्ठी खरी, त्याच्याच अक्षरातली.
आणि मी तर श्वास रोखून मोजलं होतं.

एका रात्री झोप येईना म्हणून
बोंगन्येने जुनी वजनं
एकेक करून नव्या काट्यावर ठेवली.
पाचशे: पाचशे.
दोनशे: केसभर कमी.
शंभर: शंभर.
पन्नास:
त्रेचाळीस.

(बाकी सगळे आकडे शंभराच्या पटीत.
पन्नासचं वजन
फक्त गंजापुरतंच हातात यायचं.)

तिने ते उलटं केलं.
बुडाशी भोक, करंगळीचं टोक जाईल एवढं,
आत शिसं असायला हवं होतं
तिथे काळा, तेलकट अंधार.
मापात पाप, माझ्या मनात आलं.
पण पाप कुणाशी? भट्टीशी?

सकाळी सोक्चुन आला.
टेबलावरचं वजन पाहिलं
आणि आमच्या डोळ्यांदेखत नऊ वर्षांचा झाला.
कान लाल.
गळाला भार लागत होता, म्हणाला.
खिळ्याने उकरून काढलं.
बाबांना कधी कळलंच नाही.

कळलं होतं, बोंगन्ये म्हणाली.
वजनाचं नाही. रंगाचं.
त्या वर्षी भट्टीसमोर रात्रभर बसून होता.
म्हणाला, या खेपेचा गंज वेगळा असावा.
उजाडताना म्हणाला,
राहू दे असाच.

म्हणजे बत्तीस वर्षं
सोलहून लोक ज्या हिरव्यासाठी येत होते
त्यातले सात ग्रॅम
कांगजिनच्या खाडीत, चिखलात पडून आहेत,
वर कालवं धरली असतील एव्हाना.

मी चिठ्ठी पुढे ओढली. पन्नास खोडू?
तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली,
पन्नासला हात लावला नाही.
शेजारी एक छोटं वर्तुळ काढलं
आणि वर्तुळात एक भोक.

मग मान वर न करता मुलाला विचारलं,
मासा तरी लागला होता का?

एक, तो म्हणाला.
दोन बोटांत अंतर धरून दाखवलं,
मग थांबला,
आणि बोटं थोडी
जवळ आणली.